मीडियम वेव्हवरची आकाशवाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या मीडियम वेव्ह केंद्रांबद्दल, त्यांच्या वारंवारतांबद्दल आणि घरच्या रेडिओबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एएम, मीडियम वेव्ह आणि मध्यम लहरी हे एकच का?

रेडिओवरच्या बटणापुरतं बोलायचं तर हो. मीडियम वेव्ह, म्हणजेच मध्यम लहरी, हे पट्ट्याचं नाव आहे. आपल्याकडे त्यातली केंद्रं ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या दरम्यान असतात. एएम ही त्या लहरीवर आवाज चढवण्याची पद्धत आहे. त्यात लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होते. शॉर्ट वेव्हवरही हीच पद्धत वापरतात, पण सेटवर नुसतं 'एएम' लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा मीडियम वेव्हच समजावं.

विजेची ठिणगी, चार्जर, ट्यूब यांचा गोंगाटही लहरीच्या उंचीतच मिसळतो, म्हणून एएमवर खरखर येते. एफएममध्ये उंची बदलत नाही, वारंवारता बदलते. त्यामुळे तो गोंगाट सेटमध्येच छाटता येतो.

२. आमच्या भागातलं केंद्र कोणत्या आकड्यावर आहे?

आकाशवाणीची मध्यम लहरींवरची केंद्रं या वारंवारतांनी ओळखली जातात:

मुंबई: ५५८ (अस्मिता), १०४४ (संवादिता) आणि ११८८ (विविध भारती) किलोहर्ट्झ
पुणे: ७९२
नागपूर: ५८५, शिवाय बुटीबोरीच्या महाशक्तिशाली प्रक्षेपकाची १५६६
सांगली: १२५१
रत्नागिरी: ११४३
जळगाव: ९६३
परभणी: १३०५
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद): १५२१
सोलापूर: १६०२
पणजी: १२८७

ताकदीत फार फरक आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईची ५५८ आणि पुण्याची ७९२ ही १०० किलोवॅटची केंद्रं. नागपूरचं ५८५ हे ३०० किलोवॅटचं. सांगली, रत्नागिरी, जळगाव, परभणी २० किलोवॅटची, तर सोलापूर आणि संभाजीनगर अवघ्या १ किलोवॅटची. सोलापूरचं केंद्र पंढरपुरात नीट येत नाही म्हणून रेडिओ दुरुस्तीला टाकू नका. एवढ्या ताकदीत, तेही पट्ट्याच्या वरच्या टोकाला, शहर आणि आजूबाजूची गावं एवढाच पल्ला असतो.

३. नाशिक, कोल्हापूर, साताऱ्याची आकाशवाणी मीडियम वेव्हवर सापडतच नाही. का?

कारण ती तिथे नाहीच. ही एफएमवरची केंद्रं आहेत: नाशिक १०१.४, कोल्हापूर १०२.७, सातारा १०३.१, अकोला १०२.४ मेगाहर्ट्झ. कोल्हापुरात मीडियम वेव्हवर मराठी ऐकायचं असेल तर सांगलीचं १२५१ लावून पाहा.

४. यादीतला आकडा बरोबर लावला, तरी शांतता आहे. रेडिओ बिघडला का?

आधी वेळ पाहा. अनेक केंद्रं दिवसभर सलग चालत नाहीत. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा सभा असतात आणि मधल्या वेळात प्रक्षेपक बंद असतो. दुसरं म्हणजे, गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने देशभरात मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद केले किंवा त्यांचे तास कमी केले. तोच कार्यक्रम एफएमवर किंवा अ‍ॅपवर सुरू राहतो (प्रश्न १६).

केंद्र चालू आहे की नाही हे ठरवायची सोपी रीत अशी. सकाळी सभा सुरू होण्याच्या थोडं आधी रेडिओ त्या आकड्यावर लावून ठेवा. प्रक्षेपक चालू झाला की आवाज येण्याआधीच मागची खरखर एकदम दबते. ही वाहक लहर, म्हणजे आवाज जिच्यावर चढवतात ती. मग शिवरंजनी रागावर बेतलेली आकाशवाणीची संकेतधून वाजते आणि निवेदक केंद्राचं नाव, मीटर आणि किलोहर्ट्झ सांगतात. खरखर दबली पण आवाज नाही, तर दोष केंद्राकडे. खरखर दबलीच नाही, तर प्रक्षेपक बंद आहे किंवा तुमच्यापर्यंत पोचत नाही. संध्याकाळी हीच चाचणी करू नका, कारण तेव्हा लांबची केंद्रं त्याच आकड्यावर येऊन गोंधळ होतो (प्रश्न ११).

५. हे आकडे असे विचित्र का? ५५० किंवा ८०० असे सरळ का नाहीत?

आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यम लहरींची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. १९७५ साली जिनिव्हात तसा करार झाला आणि २३ नोव्हेंबर १९७८पासून तो अमलात आला. प्रत्येक वारंवारतेला ९ने भाग जातो. म्हणून वरच्या यादीत कुठल्याही आकड्यातल्या अंकांची बेरीज ९ किंवा १८ येते. ५५८ घ्या: ५ + ५ + ८ = १८. ११४३ घ्या: १ + १ + ४ + ३ = ९.

याचा रोजच्या वापरात उपयोग आहे. कुणी सांगितलं की अमुक केंद्र ७९५वर आहे, तर बेरीज करून पाहा. २१ येते, म्हणजे आकडा चुकला आहे. खरा आकडा ७९२. ही युक्ती काट्याच्या रेडिओवर फार कामाची आहे, कारण तिथे पट्टीवरून नेमका आकडा वाचता येत नाही.

६. आजोबांच्या रेडिओवर किलोहर्ट्झ नाहीत, मीटर आहेत. कसं जुळवायचं?

३,००,००० भागिले किलोहर्ट्झ म्हणजे मीटर. पुणे ७९२ म्हणजे ३७८.८ मीटर, मुंबई ५५८ म्हणजे ५३७.६, नागपूर ५८५ म्हणजे ५१२.८, रत्नागिरी ११४३ म्हणजे २६२.५. मीटर वाढले की किलोहर्ट्झ कमी होतात, म्हणून मीटरच्या पट्टीवर काटा उलट्या दिशेने सरकवावा लागतो.

काही ट्रान्झिस्टरवर ५४, ६०, ८०, १००, १२०, १६० असे आकडे असतात. त्यांना १०ने गुणा. अस्मिता ५४ आणि ६०च्या मधोमधच्या जरा अलीकडे येईल, पुणे ८०च्या किंचित आधी. पट्टी आणि काटा यांत वर्षानुवर्षांच्या वापराने फरक पडलेला असतो. दोरी सैल होऊन काटा सरकतो. एक ओळखीचं केंद्र लावून फरक किती आहे ते पाहा आणि तेवढाच फरक जवळपासच्या केंद्रांना धरा.

७. मुलाने अमेरिकेतून रेडिओ पाठवला. एफएम छान चालतं, एएमवर एकही केंद्र नीट लागत नाही.

अमेरिकेत केंद्रं १० किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, त्यामुळे तिथला डिजिटल रेडिओ ५३०, ५४०, ५५० अशाच उड्या मारतो. ५५८च्या जागी ५६० मिळतं, दोनाचा फरक आहे, म्हणून आवाज येतो पण कर्कश. १०४४ला जवळचं १०४०, चाराचा फरक. नागपूरकरांची गत सगळ्यात वाईट: ५८५ हे ५८० आणि ५९० यांच्या बरोबर मध्ये पडतं. दोन्ही पद्धतींत बसणारे आकडे फक्त ९०ने भाग जाणारे, जसं चेन्नईचं ७२०. महाराष्ट्र-गोव्यातलं एकही केंद्र त्यात नाही.

उपाय बहुतेक वेळा सेटमध्येच असतो. सेलच्या खणात किंवा मागच्या बाजूला ९/१० असं छोटं बटण शोधा. ते नसेल तर रेडिओ बंद असताना एखादी कळ काही सेकंद दाबून धरल्यावर पायरी बदलते. कुठली कळ, ते पुस्तिकेत असतं. पायरी बदलली की आधी साठवलेली केंद्रं पुसली जातात. काट्याच्या रेडिओला ही अडचण येत नाही. मात्र सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर ११० ते १२० व्होल्टचा असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावू नका, सेट जळेल.

८. रेडिओची दिशा बदलली की आवाज कमीजास्त का होतो? दांडी तर पूर्ण उघडली आहे.

वर निघणारी दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. मीडियम वेव्हला तिचा उपयोग नाही. या पट्ट्याचा अँटेना सेटच्या आत असतो: काळसर फेराइटचा गज आणि त्यावर बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. तो बहुधा सेटच्या लांबीला समांतर, वरच्या बाजूला बसवलेला असतो.

गज केंद्राच्या दिशेला आडवा असला की आवाज सर्वांत जोरात येतो, आणि गजाचं टोक केंद्राकडे गेलं की सर्वांत क्षीण. म्हणजे रेडिओचं तोंड किंवा पाठ केंद्राकडे हवी, बाजू नको. रेडिओ टेबलावर ठेवा आणि हळूहळू अर्धी फेरी फिरवा. जिथे आवाज अगदी बुडतो ती जागा फार नेमकी सापडते. तिथून काटकोनात वळवलं की उत्तम जागा मिळाली. रेडिओ आडवा झोपवून ऐकण्याची सवय असेल तर गज आडवाच राहील असं बघा, उभा करू नका.

आवाज बुडण्याची जागाही कामाची आहे. नको असलेलं केंद्र किंवा शेजारच्या घरातून येणारा गोंगाट त्या दिशेला आणला तर तो दबतो आणि हवं ते केंद्र वर येतं. मीडियम वेव्ह ऐकणाऱ्याने शिकावी अशी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि तिला पैसा लागत नाही.

९. पूर्वी स्वच्छ यायचं, आता घरात नुसती खरखर. केंद्राची ताकद कमी झाली का?

कधी तसंही असतं, पण बहुतेक घरांत गोंगाट घरातूनच येतो. दोषी ठरणाऱ्या वस्तू साधारण त्याच त्या: स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, वाय-फायचा राउटर. यांतल्या बहुतेकांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्याचे तरंग नेमके मीडियम वेव्हवर पसरतात.

शोध असा घ्या. रेडिओ सेलवर चालवा, अ‍ॅडॉप्टरवर नाही. एखाद्या कमजोर केंद्रावर लावा. घराचा मेन स्विच बंद करा; घरात इन्व्हर्टर असेल तर तोही, नाहीतर दिवे त्याच्यावर चालू राहतील आणि चाचणी फसेल. खरखर गेली, तर दोषी घरात आहे. मग मेन चालू करून एकेक बटण दाबत जा. बल्ब लागताच 'झर्रर्र' असा आवाज उठला की तो बदला. पंखा पाचावर असताना गोंगाट कमी आणि दोनवर जास्त होत असेल तर रेग्युलेटर बघा. मेन बंद करूनही खरखर राहिली तर रेडिओ हातात घेऊन खिडक्यांशी जा. ती कुठे वाढते त्यावरून शेजारचं घर की रस्त्यावरचा खांब ते कळतं. खांबावरच्या तडकलेल्या चिनी मातीच्या चिमणीतून ठिणगी जात असेल तर पावसात आवाज बदलतो. ते काम वीज मंडळाच्या लाइनमनचं, तुमचं नाही.

आरसीसी इमारतीत आणि पत्र्याच्या घरात लहर आतच कमी येते आणि घरातला गोंगाट मात्र भरपूर. रेडिओ खिडकीत, बाहेरच्या भिंतीशी ठेवा.

१०. बाहेरची तार लावून फरक पडेल का?

गावाकडे, जिथे गोंगाट कमी आहे, तिथे नक्की पडतो. १० ते १५ मीटर प्लास्टिकचं आवरण असलेली तार घराबाहेर उंच बांधा, विजेच्या तारांपासून लांब. सेटला अँटेनाची खाच नसेल तर तारेच्या टोकाचे ५-६ फेरे रेडिओभोवती, आतल्या गजाच्या जागी, गुंडाळा आणि उरलेलं टोक जमिनीत गाडलेल्या लोखंडी सळईला जोडा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की तार रेडिओपासून काढून घराबाहेरच ठेवा. यात हयगय करू नका.

शहरात तार गोंगाटही तेवढाच गोळा करते. तिथे चौकटीचा लूप बरा. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट घ्या. त्यावर तारेचे फेरे सुमारे ६ मिलिमीटर अंतराने मारा आणि दोन्ही टोकं जुन्या रेडिओतल्या गँग कंडेन्सरला (केंद्र लावताना आत फिरणारा भाग) जोडा. गँगचा एक भाग ३६५ पिकोफॅरडचा असेल तर १४ फेरे, ५००चा असेल तर ११. चौदा फेऱ्यांना साधारण ३४ मीटर तार लागते. रेडिओला काही जोडायचं नाही. तो चौकटीजवळ असा ठेवा की आतला गज फेऱ्यांच्या पातळीला काटकोनात येईल, आणि गँग फिरवा. एका जागी आवाज एकदम फुलतो. खालचं ५५८ गाठता येत नसेल तर एक फेरा वाढवा. वरचं १६०२ सुटत असेल तर एक कमी करा.

११. रात्री दिल्ली, कोलकाता, चेन्नई ऐकू येतात. दिवसा का नाही?

दिवसा सूर्यामुळे वातावरणात उंचावर एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. मग उरते ती जमिनीलगत जाणारी लहर, जिचा पल्ला केंद्राच्या ताकदीवर आणि जमिनीवर ठरतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहर आणखी वरच्या थरावरून परतून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरते. दिल्ली ८१९, कोलकाता ६५७, चेन्नई ७२०, हैदराबाद ७३८, बंगळूरु ६१२, अहमदाबाद ८४६, इंदूर ६४८ हे आकडे रात्री लावून पाहा. हिवाळा उत्तम: रात्र मोठी आणि विजांचा कडकडाट नाही.

कोकणपट्टीचं वेगळं आहे. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे समुद्रावरून जाणारी लहर जमिनीपेक्षा कितीतरी लांब टिकते. मुंबईचे प्रक्षेपक मालाडला मालवणीत, किनाऱ्यालगतच आहेत. किनाऱ्यावरच्या गावात मुंबई दिवसाही लागते आणि तेवढ्याच अंतरावर घाटावर लागत नाही, त्याचं कारण हे.

१२. पुणे केंद्र आमच्याकडे दिवसा स्वच्छ येतं, रात्री मात्र आवाज फाटतो आणि बुडतो. उलट व्हायला नको का?

केंद्रापासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात असाल तर हे स्वाभाविक आहे. रात्री तुमच्यापर्यंत पुण्याच्याच दोन लहरी येतात: एक जमिनीलगत, दुसरी आकाशातून परतलेली. दोन्ही जवळपास सारख्या जोराच्या असल्या की कधी एकमेकींना पूरक होतात, कधी पुसून टाकतात. बोलणाऱ्याचा आवाज घशात अडकल्यासारखा होतो. रेडिओ फिरवून थोडा फरक पडतो, पूर्ण जात नाही.

मागे दुसरीच भाषा ऐकू येत असेल तर कारण वेगळं. एकच वारंवारता दूरच्या दोन केंद्रांना दिलेली असते. रत्नागिरीची ११४३ हरियाणातल्या रोहतकलाही आहे. सोलापूरच्या १६०२वर तर छोट्या केंद्रांची गर्दीच आहे. यावर प्रश्न ८मधली दिशेची युक्ती चालते.

१३. नागपूरचं १५६६ आमच्या रेडिओवर ६५६च्या आसपासही लागतं. दोन प्रक्षेपक आहेत का?

नाही, ही रेडिओच्या आतली प्रतिमा आहे. साध्या सेटमध्ये आलेली लहर ४५५ किलोहर्ट्झवर आणून मग वाढवली जाते. अशा सेटला खऱ्या आकड्यापेक्षा दुप्पट ४५५, म्हणजे ९१० किलोहर्ट्झ वरचं जोरदार केंद्रही चुकून आत घेता येतं. १५६६ वजा ९१० म्हणजे ६५६. शेजारीच कोलकात्याचं ६५७ असल्याने रात्री दोन्ही मिसळून बारीक शिट्टी येते. पट्टा ५३१पासून सुरू होतो, म्हणून १४४१च्या वरच्या केंद्रांचीच अशी प्रतिमा पट्ट्यात पडू शकते: १५२१ची ६११ला, १६०२ची ६९२ला. दुसऱ्या, चांगल्या रेडिओवर ती दिसली नाही तर खात्री झाली. डीएसपी चिपच्या, म्हणजे लहरीचे आकडे करून काम करणाऱ्या नव्या सेटमध्ये प्रतिमा या जागी पडत नाही.

खऱ्या आकड्याच्या दुपटीवर लागलं, जसं ७९२चं केंद्र हडपसरात १५८४वर, तर तो दुसरा प्रकार. प्रक्षेपकाच्या अगदी जवळ सेटच भारावून जातो. थोडं लांब जाऊन पाहा.

१४. केंद्राच्या अगदी शेजारी सतत एकसारखी सळसळ आहे. काही बोलत नाही, वाजत नाही.

ते डीआरएम, म्हणजे डिजिटल प्रक्षेपण असू शकतं. आकाशवाणीने मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक डिजिटल केले आहेत. काही वेळा जुना एएम आवाज आपल्या जागी आणि डिजिटल लहर शेजारच्या जागेत अशी जोडी चालते. साध्या रेडिओला ती फक्त सळसळ वाटते. ऐकायला डीआरएमचा रेडिओ लागतो. काही नव्या गाड्यांच्या संचात तो असतो. घरातला गोंगाट पट्टाभर पसरतो, डीआरएम मात्र ठरावीक जागेतच असतं. ओळखायची खूण हीच.

१५. गाडीत बोगद्यात शिरताच एएम गप्प, एफएम थोडं पुढे चालतं. असं का?

मध्यम लहर शेकडो मीटर लांबीची. ती भाताण किंवा खंबाटकीच्या बोगद्याच्या तोंडातून आत शिरतच नाही. एफएमची लहर तीनेक मीटरची, ती काही अंतर आत जाते. डोंगराआडच्या वळणावर याच्या उलट होतं: तिथे मध्यम लहर वळसा घालून पोचते आणि एफएम तुटतं. विजेवरच्या गाड्यांत मोटर चालवणारा इन्व्हर्टरच प्रश्न ९मधला गोंगाट करतो, म्हणून काहींमध्ये एएम दिलेलंच नसतं.

१६. मोबाइलमध्ये एफएम आहे, एएम का नाही?

फेराइटच्या गजाला जागा नाही आणि फोनच्या आतला गोंगाट फार. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर अ‍ॅपवर पुणे, नागपूर, सांगली अशी केंद्रं ऐकता येतात. परदेशातल्या मराठी श्रोत्यांनाही तोच मार्ग सोयीचा. मात्र इंटरनेटवरचा आवाज काही सेकंद उशिरा येतो, त्यावर घड्याळ लावू नका.

१७. गावापुरता छोटा एएम ट्रान्समीटर बसवता येईल का?

परवान्याशिवाय नाही, कितीही कमी ताकदीचा असला तरी. खासगी कंपन्यांना आणि सामुदायिक रेडिओला परवाने मिळतात ते एफएमचे. मध्यम लहरींवर आकाशवाणीच आहे. शिवाय खर्चही झेपणारा नाही: ५५८च्या लहरीचा पाव भाग म्हणजे सुमारे १३४ मीटर. एवढा उंच मनोरा आणि त्याच्या बुंध्यापासून चहूबाजूंनी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा लागतात.

१८. दूरचं केंद्र ऐकल्याचं पत्र पाठवायचं आहे. त्यात काय लिहावं?

तारीख, भारतीय प्रमाणवेळ, वारंवारता, तुमचं गाव, रेडिओ आणि अँटेनाचा प्रकार, आणि निदान पंधरा-वीस मिनिटांत काय ऐकलं त्याचा मिनिटागणिक तपशील: कोणतं निवेदन, कोणती बातमी, मग काय लागलं. 'गाणी छान होती' यावरून तुम्ही तेच केंद्र ऐकलं हे सिद्ध होत नाही. आवाज किती स्पष्ट होता, मागे कोणतं केंद्र डोकावत होतं, दर किती मिनिटांनी बुडत होता हेही लिहा. प्रक्षेपकावर काम करणाऱ्या अभियंत्याला त्या ओळी सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.